ओळखीच्या गाण्यांचे राज्य

१९६७च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोतल्या केएमपीएक्स या एफएम केंद्रावर टॉम डॉनह्यू नावाच्या अगडबंब निवेदकाने रात्री आठ ते बारा या वेळात लाँगप्ले तबकड्या वाजवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या रॉक नभोवाणीचा इतिहास बहुतेक जण तिथूनच सांगतात. मीही तिथूनच सांगणार आहे. मात्र त्यातल्या बंडखोरीचे मला फारसे अप्रूप नाही. मला कोडे पडते ते पुढचे. कोणत्याही गाण्यानंतर कोणतेही गाणे लावायची मोकळीक ज्या केंद्राने घेतली, त्याच्याच वारसदारांनी पंधरा-वीस वर्षांत ठरावीक काहीशे गाण्यांचे रहाटगाडगे सुरू केले. ते कसे? आणि त्या रहाटगाडग्याला 'क्लासिक रॉक' हे भारदस्त नाव कोणी दिले?

सुरुवात सरकारी नियमातून झाली, हे रॉकच्या भक्तांना सहसा सांगायला आवडत नाही. तोवर एफएम म्हणजे एएम केंद्रांच्या मालकांकडे पडून असलेली रिकामी खोली होती. एएमवर जे चाले तेच ते एफएमवरही सोडून देत. १९६४ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने ठरवले, की एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफएमवरचा निदान निम्मा वेळ स्वतंत्र कार्यक्रमांना दिला पाहिजे. आता त्या वेळात लावायचे काय, हा प्रश्न मालकांपुढे उभा राहिला. एएमवर तेव्हा चाळीस लोकप्रिय गाण्यांची यादी आलटूनपालटून वाजे, मध्ये निवेदकांचा आरडाओरडा. डॉनह्यू स्वतः त्याच जगात वाढलेला. घरी द डोअर्सची पहिली तबकडी ऐकताना, हे रेडिओवर कोणीच का लावत नाही, असे त्याच्या मनात आले. त्याने एफएम केंद्रांना फोन लावायला घेतले. केएमपीएक्सचा फोन बंद होता. बिल न भरल्यामुळे फोन तोडला असेल तर हे लोक आपले ऐकतील, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर ठरला. परभाषक श्रोत्यांसाठी वेळ विकून हे केंद्र कसेबसे तग धरून होते.

त्या काळातल्या प्रसारणाच्या काही ध्वनिफिती चाहत्यांनी जपून ठेवल्या आहेत. त्या ऐकताना पहिल्यांदा जाणवते ती निवेदकाची शांतता. तो ओरडत नाही. तीन-चार गाणी सलग लावतो आणि मग संथ आवाजात काय लावले ते सांगतो. त्या तीन-चार गाण्यांची जोडणी ही खरी कारागिरी. एका गाण्याचा शेवटचा स्वर दुसऱ्याच्या पहिल्या स्वराशी जुळतो, कधी विषय जुळतो, कधी मुद्दाम काहीच जुळत नाही. चांगला संपादक अंकात कथेशेजारी कोणती कविता ठेवायची याचा जसा विचार करतो, तसेच हे काम आहे. समीक्षकाने त्याकडे रचना म्हणून पाहायला हवे आणि रचना म्हणूनच तिचे गुणदोष सांगायला हवेत. दोष पुष्कळ आहेत. काही रात्री निवेदक स्वतःच्याच लहरीत इतका हरवतो की ऐकणाऱ्याने उठून चहा करून यावे, तरी काही चुकत नाही.

या रचनेचा आवाका कळण्यासाठी त्याच वर्षाच्या जूनमधला माँटेरेचा महोत्सव आठवावा. तीन दिवसांच्या त्या एकाच मंचावर ओटिस रेडिंग गायले, जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवून दिली आणि रविवारची अख्खी दुपार पंडित रविशंकरांची होती. तबल्यावर आपल्या मुंबईचे अल्लारखाँ. सोल, रॉक आणि राग हे एकाच श्रोत्याचे संगीत असू शकते, हे त्या मंचाला गृहीतच होते आणि केएमपीएक्सलाही. माँटेरेकडे मी पुन्हा येणार आहे.

मालकाशी पैशांवरून आणि अधिकारांवरून खटके उडाले. १९६८च्या मार्चमध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला, आणि मे महिन्यात डॉनह्यूसह बरीच मंडळी मेट्रोमीडिया या मोठ्या कंपनीच्या केंद्रावर गेली. ते केएसएएन या नावाने गाजले. न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनईडब्ल्यू-एफएम याच कंपनीचे. तिथे रात्री ॲलिसन स्टील कविता वाचून आपला कार्यक्रम सुरू करी. म्हणजे प्रस्थापितांविरुद्धचा हा आवाज पहिल्या वर्षापासूनच एका प्रसारण कंपनीच्या हिशेबवहीत नोंदलेला होता. यात मला ढोंग दिसत नाही. संगीत चांगले होते आणि जाहिराती मिळत होत्या, तोवर दोघांचेही बरे चालले होते.

केएसएएनचे सर्वांत मोठे काम, माझ्या मते, गाण्यांचे नाहीच. ६ डिसेंबर १९६९ रोजी ऑल्टमाँटच्या मैदानात रोलिंग स्टोन्सच्या मैफलीत हेल्स एंजल्स टोळीतल्या एकाने एका कृष्णवर्णीय तरुणाला भोसकून ठार मारले. दुसऱ्या दिवशी केएसएएनने आपली फोनलाइन खुली केली. मैफलीला गेलेले लोक बोलले आणि टोळीचा म्होरक्या सनी बार्गरही तावातावाने बोलला. 'गिमी शेल्टर' या माहितीपटाच्या सुरुवातीला हेच प्रसारण ऐकू येते. आपल्याच श्रोत्यांच्या स्वप्नाला तडा गेला, तेव्हा केंद्राने गाणे लावून ती शांतता भरून काढली नाही. त्यांनाच बोलू दिले. पुढे १४ जानेवारी १९७८ रोजी सेक्स पिस्टल्सची विंटरलँडमधली मैफलही केएसएएननेच थेट ऐकवली. त्यानंतर तो संच फुटला.

डॉनह्यू १९७५ साली वारला. तोपर्यंत वारे फिरले होते. एफएमला श्रोते मिळाले, म्हणून जाहिराती आल्या. जाहिराती आल्या, म्हणून श्रोता गमावण्याची भीती आली. या भीतीचा नेमका अभ्यास ली एब्रम्स या तरुण सल्लागाराने केला. कोणत्या तबकड्या विकल्या जातात आणि श्रोत्याला काय आवडते याची पाहणी करून त्याने 'सुपरस्टार्स' नावाचा साचा बनवला आणि गावोगावच्या केंद्रांना विकला. तबकडी निवडायचा अधिकार निवेदकाच्या हातून गेला. केएसएएन १९८०च्या नोव्हेंबरात कंट्री संगीत लावू लागले.

'क्लासिक रॉक' हा शब्द त्याआधी एखाद-दुसऱ्या केंद्राने वापरला होता. पण त्याचा पक्का साचा घडवला तो फ्रेड जेकब्ज या सल्लागाराने, १९८५ साली, मिशिगनमधल्या लॅन्सिंगजवळच्या डब्ल्यूएमएमक्यू केंद्रावर. नवे काहीच लावायचे नाही, हे त्याचे मुख्य सूत्र. जुन्यातले काय लावायचे ते ठरवायची पद्धत पाहण्यासारखी आहे. हॉटेलच्या दिवाणखान्यात शंभरेक श्रोत्यांना मानधन देऊन बसवतात. त्यांना शेकडो गाण्यांचे तुकडे ऐकवतात. प्रत्येक तुकडा पाच-दहा सेकंदांचा, गाण्यातला सर्वांत ओळखीचा. प्रत्येकाला गुण द्यायचे. 'हे मला माहीत नाही' असा शेरा पुरेशा लोकांनी दिला, की गाणे यादीतून बाद.

दहा सेकंदांत गाणे आवडू शकत नाही. फक्त ओळखता येते. ही पद्धत आवड मोजत नाही, ओळख मोजते. आणि ओळखीचे म्हणून वाजलेले गाणे वाजल्यामुळे आणखी ओळखीचे होते. पुढच्या चाचणीत तेच पहिले येणार यात नवल ते काय!

आपल्याकडचा अनुभव याच्या शेजारी ठेवावासा वाटतो. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार केले, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि १९५७ साली विविध भारती काढावी लागली. अभिजात काय ते तिथे मंत्र्याने ठरवले, इथे दिवाणखान्यातल्या शंभर जणांनी. दुसरी पद्धत लोकशाहीची म्हणून मोठी मानायला मी तयार नाही. कारण त्याच विविध भारतीवर 'भूले बिसरे गीत' हा कार्यक्रम वर्षानुवर्षे चालला. विसरले गेलेले, म्हणूनच लावण्याजोगे, असा त्या नावाचा अर्थ. क्लासिक रॉकच्या चाचणीत 'भूले बिसरे' हेच नापास होण्याचे कारण आहे. जुन्या गाण्यांकडे पाहायच्या या दोन परस्परविरुद्ध रीती आहेत, आणि आपली सरकारी, रडतखडत चालणारी रीत मला जास्त शहाणी वाटते.

आता पुन्हा माँटेरे. रेडिंग, हेंड्रिक्स, रविशंकर. क्लासिक रॉकच्या यादीत या तिघांतला एकच टिकला. रविशंकर गेले 'जागतिक संगीता'च्या कप्प्यात, रेडिंग सोलच्या. कृष्णवर्णीय कलावंतांत हेंड्रिक्स जवळजवळ एकटाच उरला, तोही गिटारच्या बळावर. याची सुरुवात एब्रम्सच्या साच्यापासूनच झाली होती आणि तेव्हाही त्यावर टीका झाली. कोणी वर्णद्वेषाचा हुकूम काढला होता असे नाही. ठरावीक वयाचे गोरे पुरुष हा जाहिरातदारांना हवा असलेला श्रोता. चाचणीला त्यालाच बोलावले, त्याने स्वतःच्या ओळखीचे निवडले. एवढे पुरेसे होते. पण 'साठीच्या दशकाचे संगीत' म्हणून जे आज ऐकवले जाते, ते त्या दशकातल्या कोणत्याच श्रोत्याने तसे ऐकलेले नाही.

१९९६च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाने देशभरात किती केंद्रे ठेवावीत यावरची मर्यादा काढून टाकली. काही वर्षांत एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेच्या आसपास केंद्रे जमली. एका शहरात केलेली यादी दुसऱ्या शहरात चालू लागली, निवेदकाचा आवाजही आधीच ध्वनिमुद्रित. यादीचा काळ मात्र पुढे सरकत राहिला: श्रोता पन्नाशीत गेला की त्याच्या विशीतली गाणी 'क्लासिक' होतात. निर्वाणा आज त्या यादीत आहे, आणि पन्नाशीच्या दशकातला चक बेरी शोधून सापडत नाही.

द डोअर्सच्या त्या पहिल्या तबकडीवर 'लाइट माय फायर' हे सुमारे सात मिनिटांचे गाणे आहे. १९६७ साली एएम केंद्रांसाठी ते कापून तीन मिनिटांच्या आत बसवले होते. डॉनह्यूच्या परंपरेने ते पूर्ण वाजवायला शिकवले. आज क्लासिक रॉक केंद्रांवर ते पूर्णच लागते, मधल्या ऑर्गनच्या लांबलचक सुरावटीसकट, आणि वारंवार लागते. त्याच्या आधी आणि नंतर काय लागणार, तेही आपल्याला बहुतेक आधीच ठाऊक असते.