घर टिकलं म्हणजे घराणं टिकलं का?

आज माया संस्कृतीतले राजे आणि पिरॅमिड बाजूला ठेवू आणि शेतकऱ्यांच्या घरात शिरू. पॅट्रिशिया मॅकॅनी यांचं ‘लिव्हिंग विथ द ॲन्सेस्टर्स’ हे १९९५ सालचं पुस्तक. त्याचा मोठा आधार म्हणजे उत्तर बेलीझमधल्या काशोब या छोट्या गावाचं उत्खनन.

पुरावा काय आहे? घरातली जमीन खराब झाली की तिच्यावरच नवी केलेली. जुनं घर पाडून त्याच भरावावर नवं बांधलेलं. आणि पायाखाली माणसं पुरलेली. असं शतकानुशतकं. मॅकॅनी म्हणतात, पूर्वजांना घराखाली ठेवणं म्हणजे शेतजमिनीवरचा हक्क जागता ठेवणं. आपल्या भाषेत सांगायचं तर हाडं हाच सातबारा.

युक्तिवाद भक्कम आहे, पण एक फट राहते. मराठीत ‘घर’ म्हणजे वास्तूही आणि कुटुंबही. थर सांगतात ते वास्तूबद्दल. तयार चौथरा मिळाला तर नवखा माणूसही त्यावरच घर बांधेल ना? भराव घालायची मेहनत वाचते.

दुसरं, काळ ठरतो बराचसा खापरांवरून. खापरांचा एकेक टप्पा शंभर-दोनशे वर्षांचा, कधी त्याहून मोठा. मधे चाळीस वर्षं घर ओस पडलं, तर या घड्याळात ते दिसणारच नाही. त्याला मिनिटकाटाच नाही! मग ‘अखंड वस्ती’ हे सातत्य पुराव्यातलं की घड्याळातलं?

प्रत्येक मृत माणूस पूर्वज होत नाही, पूर्वज निवडले जातात, हे मॅकॅनी स्वतःच सांगतात. पुस्तकाचं खरं बळ मला इथे दिसतं. म्हणजे दफनं वारसा सिद्ध करत नाहीत. कोणीतरी वारसा सांगत होतं, एवढंच सिद्ध करतात. वारस असणं आणि वारसा सांगणं यांत किती अंतर असतं, हे जमिनीचे वाद पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

बेलीझमधलंच चान हे शेतकऱ्यांचं गाव सुमारे दोन हजार वर्षं नांदलं. सिंथिया रॉबिन यांनी त्याचा रास्त गौरव केला आहे. पण गाव टिकलं म्हणून त्यातलं प्रत्येक घर टिकलं, असं होत नाही.

यात पणाला काय लागलंय? ज्यांनी चौथरा बांधला नाही, लाकडा-गवताच्या झोपडीत राहून जे पुढे निघून गेले, त्यांचे थर साचतच नाहीत. थरांनाच इतिहास मानलं, तर ‘आम्ही इथले पहिले’ म्हणणाऱ्यांचीच बाजू आपण पुन्हा एकदा लिहून ठेवतो. पुस्तक जरूर वाचा. वाचताना एवढं विचारत राहा, की या थरात कोण नाही?