'अमेंड' : दुरुस्ती, सुधारणा की नुसता बदल?

इंग्रजीत बदलासाठी क्रियापदांची टंचाई नाही. चेंज, ऑल्टर, मॉडिफाय, व्हेरी, रिव्हाइज, रिफॉर्म अशी मोठी रांग आहे. कोश उघडला की ही सगळी एकमेकांच्या अर्थाला टेकून उभी दिसतात. या रांगेतल्या 'अमेंड' या क्रियापदाचे नशीब मात्र वेगळे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस चाललेला एक खटला बऱ्याच अंशी या एका शब्दाच्या अर्थाभोवती फिरला. त्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. केशवानंद भारती खटला या नावाने तो सर्वांना ठाऊक आहे. त्याची घटनात्मक बाजू जाणकारांनी भरपूर उकलली आहे. मला त्यातली शब्दाची बाजू पाहायची आहे, आणि त्या निमित्ताने आपण मराठीत या शब्दाचे काय केले तेही.

आधी शब्दाचे कूळ. लॅटिनमध्ये 'मेंदुम' म्हणजे दोष, व्यंग. त्याला 'बाहेर' या अर्थाचा उपसर्ग लागून 'एमेंदारे' हे क्रियापद झाले. दोष बाहेर काढणे, असा त्याचा अर्थ. फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत आले आणि 'अमेंड' झाले. त्याचाच पहिला स्वर गळून 'मेंड' हे घरगुती क्रियापद तयार झाले. फाटका सदरा, मोडके कुंपण नीट करणे हे 'मेंड'चे काम. पुढे विद्वानांनी तोच लॅटिन शब्द थेट उचलून 'इमेंड' केला आणि तो ग्रंथपाठ शुद्ध करण्यासाठी राखून ठेवला. फ्रेंचमध्ये 'आमांद' म्हणजे दंड, आणि इंग्रजीतल्या 'अमेंड्स' या अनेकवचनाचा अर्थ केल्या चुकीची भरपाई. थोडक्यात, या घराण्यातल्या प्रत्येक शब्दाच्या मागे काहीतरी बिघडल्याची जाणीव आहे.

कायद्याच्या इंग्रजीत मात्र ही जाणीव पुसट होत गेली. विधेयकात एखादा शब्द घातला, काढला, फिरवला की ती 'अमेंडमेंट'. त्याने दोष गेला की नवा दोष आला, हे शब्द सांगत नाही. याचा ढळढळीत दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या अठराव्या अमेंडमेंटने दारूबंदी आणली, ती १९१९ साली मंजूर झाली. एकविसाव्या अमेंडमेंटने १९३३ साली ती उठवली. दोन्हींचे नाव एकच. 'दोष काढणे' हाच अर्थ कायम असता, तर दोहोंपैकी एकीला ते नाव लावता आले नसते.

आता आपल्याकडे येऊ. 'अमेंडमेंट'साठी भारतीय भाषांनी जे शब्द योजले ते शेजारीशेजारी ठेवले की गंमत दिसते. हिंदी आणि बंगालीने 'संशोधन' घेतले. मराठीत त्याच शब्दाने 'रिसर्च'ची जागा अडवलेली, त्यामुळे 'संविधान संशोधन' हे हिंदी शब्द वाचून मराठी माणसाला राज्यघटनेवर कुणी प्रबंध लिहिला की काय, असे वाटावे. उर्दूचा 'तरमीम' डागडुजीच्या अर्थाच्या अरबी धातूवरून आला. कन्नडचा 'तिद्दुपडि' आणि तमिळचा 'तिरुत्तम' हे दोन्ही चूक दुरुस्त करण्याच्या क्रियापदांवरून आले. गुजरातीने 'सुधारो' केला. मल्याळमने तेवढा 'भेदगती' हा शब्द घेतला. त्यात भेद आहे, म्हणजे फरक आहे. दोषाचा वास नाही, सुधारल्याची शेखीही नाही.

मराठीत दोन शब्द नांदतात. कायद्याच्या पुस्तकात 'सुधारणा' आणि वर्तमानपत्रात 'दुरुस्ती'. विधिमंडळात संमत झालेल्या अधिनियमाच्या नावात कंसात 'सुधारणा' असते. तोच अधिनियम बातमीत आला की 'कायद्यात दुरुस्ती' होते. राज्यघटनेच्या बाबतीत तर 'घटनादुरुस्ती' हा शब्द इतका रुळला आहे की 'घटनासुधारणा' कानाला उपरी वाटते. हे दोन शब्द एकाच अर्थाचे आहेत असे धरून आपण चालतो. माझे म्हणणे असे की ते एकाच अर्थाचे नाहीत, आणि त्यांच्यातला फरक हाच केशवानंद खटल्यातला फरक आहे.

खटल्याचा उगम साधा होता. केरळातल्या कासरगोडजवळच्या एडनीर मठाच्या जमिनींवर राज्याच्या जमीनसुधारणा कायद्यामुळे गदा येत होती, म्हणून मठाधिपती केशवानंद भारती १९७० साली न्यायालयात गेले. त्याआधी १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा बहुमताने न्यायालयाने म्हटले होते की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याला उत्तर म्हणून १९७१ साली संसदेने चोविसावी दुरुस्ती केली. अनुच्छेद ३६८ मध्ये आधी 'अमेंडमेंट' एवढाच शब्द होता. आता तिथे भर घालून, फेरबदल करून किंवा निरसन करून 'अमेंड' करण्याचा अधिकार संसदेला आहे, असे स्पष्ट लिहिले गेले. त्यामुळे केशवानंदांच्या याचिकेत मठाची जमीन मागे पडली आणि प्रश्न उरला तो हा, की 'अमेंड' या क्रियापदाचा हात किती लांब पोहोचतो?

दोन्ही बाजूंचे मुख्य वकील मुंबईचे. याचिकाकर्त्याकडून नानी पालखीवाला, केरळ सरकारकडून एच. एम. सीरवाई. सरकारी बाजूचा शब्दाधार असा : अनुच्छेद ३६८ च्या परंतुकातच, म्हणजे काही तरतुदींसाठी राज्यांची संमती लागते असे सांगताना, 'अमेंडमेंट'ने काही 'चेंज' होणार असेल तर, अशी भाषा आहे. घटनाकारांनी दोन्ही शब्द एकाच दमात वापरले, म्हणजे त्यांच्या लेखी अमेंडमेंट म्हणजे बदल, कोणताही बदल. उलट बाजूचा आधार असा : पाचव्या आणि सहाव्या अनुसूचीत जिथे संसदेला व्यापक मोकळीक द्यायची होती, तिथे घटनाकारांनी भर, फेरबदल आणि निरसन हे तिन्ही शब्द मुळातच लिहिले होते. ३६८ मध्ये ते लिहिले नाहीत, म्हणजे तिथली मोकळीक तेवढी नाही. कोश दोन्ही बाजूंना साक्ष देत होता, म्हणून कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

सरकारी बाजूला आणखी एक वजनदार आधार होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेफर्सनचा हवाला देऊन सांगितले होते की, या सभेने घटनेवर अंतिमतेची मोहोर उठवलेली नाही. ज्यांना ती पसंत नसेल त्यांनी दोन तृतीयांश बहुमत मिळवावे. पुढच्या पिढ्यांचे हात बांधू नयेत, हा विचार हलका नाही. निवडून आलेल्या संसदेला एका परक्या भाषेतल्या क्रियापदाच्या व्युत्पत्तीने अडवावे काय, हा प्रश्न आजही कुणी विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही.

निकाल सात विरुद्ध सहा असा लागला. न्या. हंसराज खन्ना यांचे मत निर्णायक ठरले. मालमत्तेच्या हक्काला त्यांनी अभेद्य मानले नाही, संसद मूलभूत हक्कांनाही हात लावू शकते हेही मान्य केले. पण अमेंडमेंट म्हटले की जुनी घटना टिकून राहते, बदल झाला तरी तिची ओळख उरते, असे त्या शब्दातच गृहीत आहे, हे त्यांनी मांडले. बारकाईने पाहा : 'दोष काढणे' या पहिल्या अर्थावर त्यांनी भर दिला नाही. त्यांनी पकडला तो शब्दाच्या पोटातला दुसरा अर्थ, ज्याची दुरुस्ती होते ते दुरुस्तीनंतर शिल्लक असले पाहिजे. पहिला अर्थ काळाच्या ओघात झिजला होता, दुसरा झिजला नव्हता. तेव्हा भिस्त व्युत्पत्तीवर नव्हती, वापरावर होती.

मी कायद्याचा पदवीधर नाही. माझे शिक्षण झाले ते छापखान्यात, मुद्रितशोधनाच्या टेबलावर. तिथे एक फरक पहिल्या आठवड्यातच कळतो. जुळणीतली चूक निस्तरली तर ती दुरुस्ती, तिचे पैसे छापखाना मागत नाही. लेखकाने प्रुफात वाक्ये फिरवली तर तो बदल, त्याचा आकार लागतो. मात्र दोन्ही बाबतीत पुस्तक तेच राहते. लेखकाने सगळी पाने काढून दुसरीच संहिता दिली, तर त्याला दुरुस्ती कुणी म्हणत नाही. ते नवे काम होते आणि त्याची नवी पावती फाडावी लागते.

चोविसाव्या दुरुस्तीने घातलेल्या त्या तीन शब्दांकडे या नजरेने पाहता येते. भर घालून, फेरबदल करून, निरसन करून 'अमेंड' करणे. मराठीतले 'ऊन'चे रूप इथे फार स्पष्टपणे बोलते. 'भिंत पाडून, दार हलवून, माडी चढवून घर दुरुस्त केले' या वाक्यात पाडणे आहे, हलवणे आहे, चढवणेही आहे. पण वाक्याचा धनी शेवटचे क्रियापद. भिंती पाडता पाडता घरच उरले नाही, तर पाडले हे खरे आणि दुरुस्त केले हे खोटे. तीन शब्दांनी संसदेच्या हाती हत्यारे वाढवली, काम बदलले नाही. इंग्रजी वाक्यातही मुख्य क्रियापद 'अमेंड'च राहिले, बाकीचे तिन्ही त्याचे मार्ग. हे वाचन माझे आहे, निवाड्याचे नव्हे. पण त्याने निकालातली दोन टोके मला जुळतात : न्यायालयाने चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली आणि तरीही मूलभूत चौकट तिच्या आवाक्याबाहेर ठेवली.

या वाचनाला जर्मनीतून एक ताळा मिळतो. तिथल्या १९४९ च्या मूलभूत कायद्यात यासाठी 'एंडर्न' हे क्रियापद आहे, म्हणजे सरळ 'बदलणे'. त्या क्रियापदात काही शिल्लक राहण्याची हमी नाही. वायमार प्रजासत्ताकाचा अनुभव ताजा होता. म्हणून अनुच्छेद ७९ मध्ये कशाला हात लावता येणार नाही, ते वेगळे लिहून ठेवावे लागले. डीट्रिख कॉनराड या जर्मन अभ्यासकाने १९६५ साली बनारसला दिलेल्या व्याख्यानात हाच मर्यादेचा प्रश्न भारतासंबंधी विचारला आणि तो धागा पुढे आपल्या न्यायालयात पोहोचला. जर्मनांना जी मर्यादा कलमात लिहावी लागली, ती आपल्या न्यायाधीशांना क्रियापदात सापडली.

पुढची कथाही याच शब्दाची. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही, असे लिहून टाकले. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते रद्द झाले. त्या वेळी सरन्यायाधीश होते न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड, जे केशवानंद खटल्यात अल्पमतातल्या सहांपैकी एक होते. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करता येत नाही, हे तत्त्व त्यांच्या निवाड्यातून रूढ झाले.

आता मराठीचा हिशेब. 'सुधारणा' हा आपल्याकडचा भारलेला शब्द. आगरकरांनी १८८८ साली काढलेल्या पत्राचे नाव 'सुधारक'. आधी राजकीय की आधी सामाजिक सुधारणा, या वादात एक अख्खी पिढी घासली गेली. 'प्रकृतीत सुधारणा आहे' असे ऐकले की आपण सुटकेचा श्वास टाकतो. असा शब्द कायद्याच्या नावात बसला की वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो, कारण सुधारणेला विरोध कोण करणार? बदल बरा की वाईट, हे ज्यावर चर्चेअंती ठरायचे, त्याच्या नावातच ते ठरलेले असते. 'फेरफार' हा दुसरा पर्याय तलाठ्याच्या दप्तरात अगदी चोख आहे. फेरफार नोंदवहीत नावे बदलतात, जमीन जागची हलत नाही. पण 'हिशेबात फेरफार' म्हटले की त्याला लबाडीचा वास येतो, त्यामुळे तो घटनेला लावता येत नाही.

राहिली 'दुरुस्ती'. तिच्यावर आक्षेप एवढाच की ती आधी काही मोडले होते असे सुचवते. तो आक्षेप मला मान्य आहे, कारण प्रत्येक घटनादुरुस्तीमागे मोडतोड असतेच असे नाही. तरीही मी तिच्या बाजूने आहे. घड्याळ दुरुस्तीला दिले की तेच घड्याळ परत मिळावे, ही अपेक्षा त्या शब्दात आहे. 'सुधारणे'त ती तितकी ठाम नाही आणि 'बदला'त तर मुळीच नाही. 'सदरा दुरुस्त केला' म्हणजे तोच सदरा. 'सदरा बदलला' म्हणजे बहुधा दुसरा.

२०२३ पर्यंत आपल्या राज्यघटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. तो आकडा ऐकून मराठी माणूस दचकत नाही. 'घटना बदलणार' एवढे दोन शब्द कानावर पडले की दचकतो. त्याने अनुच्छेद ३६८ वाचलेला नसतो, केशवानंद भारती कोण हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. भाषेने मात्र त्याला हा फरक आधीच शिकवून ठेवलेला असतो. म्हणून कायद्याच्या मराठीत 'सुधारणा' कायम ठेवायची की वर्तमानपत्रांच्या 'दुरुस्ती'ला तिथे जागा द्यायची, हा प्रश्न परिभाषा ठरवणाऱ्यांनी पुन्हा एकदा विचारात घ्यावा असे मला वाटते.