'कमला' : शोधपत्रकारिता आणि पुराव्याचा प्रश्न

विजय तेंडुलकरांच्या 'कमला' (१९८१) या नाटकाची चर्चा बहुधा सरिताच्या अंगाने होते. कमला तिला निरागसपणे तिची किंमत विचारते आणि सरिताला स्वतःच्या संसाराचे खरे रूप दिसते, हा प्रसंग समीक्षकांना महत्त्वाचा वाटला हे साहजिकच आहे. परंतु त्यामुळे नाटकातील दुसरा प्रश्न झाकोळला गेला. तो शोधपत्रकारितेतील पुराव्याचा आहे.

नाटकामागील घटना परिचित आहे. 'इंडियन एक्स्प्रेस'चे वार्ताहर अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये मध्य प्रदेशातील शिवपुरी परिसरातील एका स्त्रीला २,३०० रुपयांना विकत घेऊन स्त्रियांचा व्यापार उघडकीस आणला. त्याच वर्षी त्याच दैनिकात अरुण शौरी यांनी महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानाच्या देणग्या व सिमेंटवाटप यांतील संबंध मांडला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुले यांना पद सोडावे लागले. दोन्ही शोध धाडसाचेच. मात्र एकाचा आधार कागदपत्रे होती, तर दुसऱ्याचा एक जिवंत स्त्री. कागद वापरून झाला की फायलीत ठेवता येतो. माणसाचे काय करायचे?

तेंडुलकरांनी नेमके येथेच बोट ठेवले आहे. पत्रकार जयसिंग जाधव बिहारच्या बाजारातून कमलाला २५० रुपयांत आणतो आणि पत्रकार परिषदेला तिला फाटक्या वस्त्रांनिशीच नेतो, कारण नीटनेटकी कमला पुरावा म्हणून निरुपयोगी ठरेल. परिषदेत तिला विचारलेले अश्लाघ्य प्रश्न तो घरी हसत सांगतो. काकासाहेबांचा संताप येथे प्रेक्षकाचाही होतो.

नाटकाची मर्यादाही याच ठिकाणी जाणवते. जयसिंगला प्रसिद्धिलोलुप रंगविल्याने कार्यपद्धतीचा दोष स्वभावदोषात विरून जातो. पूर्णतः सत्प्रवृत्त वार्ताहरासही, खरेदी केल्याशिवाय व्यापार सिद्ध कसा करावा, ही अडचण आलीच असती. ती अडचण नाटक टाळते. मालकशाहीचे चित्रण मात्र अचूक आहे: बड्या मंडळींचे हितसंबंध दुखावताच शेठ सिंघानिया जयसिंगला नोकरीवरून दूर करतो. त्या वेळी कमला रंगमंचावर नसते. तिची आश्रमात रवानगी केव्हाच झालेली असते.