कंपायलरने न विचारता ठरवलेले

एका संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी आज्ञावली बांधणे म्हणजे क्रॉस-कंपायलिंग. रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकावर मोठी आज्ञावली बांधायला फार वेळ लागतो, म्हणून ती मोठ्या संगणकावर बांधून तयार फाइल पायवर न्यायची. नेमक्या कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचे हे आपण सांगितले नाही, तर कंपायलरमध्ये ते आधीच ठरवून ठेवलेले असते. कोणी ठरवले आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून?

पाय २०१२ साली बाजारात आला. त्याचा प्रोसेसर आर्म घराण्याच्या सहाव्या आवृत्तीचा, दशांश गणिताचा स्वतंत्र विभाग असलेला. डेबियन या मुक्त प्रणालीने २०१३ च्या मे महिन्यात 'आर्म-एच-एफ' ही नवी शाखा प्रसिद्ध केली, ती सातव्या आवृत्तीपासून पुढच्यांसाठी. या निवडीला आम्ही नावे ठेवणार नाही. टेग्रा २ सारख्या चिपमध्ये निऑन हा विभाग नव्हता, म्हणून डेबियनने तो गृहीतही धरला नाही. एवढा विचार झाला होता. पाय मात्र रेषेखाली राहिला. जुनी 'आर्म-ई-एल' शाखा त्यावर चाले, पण गणिताचा विभाग रिकामा बसे. तेव्हा स्वयंसेवकांनी हजारो पॅकेजे सहाव्या आवृत्तीसाठी पुन्हा बांधून 'रास्पबियन' उभे केले. मोठेच काम! पण शाखेचे नाव ठेवले तेच, 'आर्म-एच-एफ'.

आमचा आक्षेप या नावाला आहे. डेबियनच्या क्रॉस-कंपायलरच्या लांबलचक नावात आर्म आहे, लिनक्स आहे, एच-एफ आहे. सातवी आवृत्ती तेवढी नाही. विद्यार्थी फाइल जुन्या पायवर नेतो आणि पडद्यावर दोनच शब्द उमटतात : 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन'. बिचाऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले किंवा बोर्ड बिघडला. जाणकार सांगतात, सहाव्या आवृत्तीचा पर्याय द्या. तो दिला तरी गाडी अडते, कारण प्रत्येक आज्ञावलीच्या आरंभी जोडले जाणारे छोटे तुकडे कंपायलरबरोबर आयते येतात आणि तेही सातव्यासाठीच बांधलेले असतात.

बिल्डरूटची रीत आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. तेथे आर्म निवडून पुढे काहीच बदलले नाही तर पाचव्या आवृत्तीचा जुना प्रोसेसर धरला जातो. कोड संथ होतो खरा. पण त्या प्रोसेसरचे नाव यादीत समोर दिसते, बदलता येते, आणि ते आरंभीचे तुकडेही आपल्या निवडीप्रमाणेच बांधले जातात. पहिल्या वेळी तासभर थांबायची तयारी मात्र हवी.

शाळेत पहिला पाय किंवा २०१५ चा पाय झीरो असेल (तोही सहाव्याच आवृत्तीचा), तर फाइल नेण्यापूर्वी तिच्यावर 'रीडएल्फ' चालवावे. मोठ्या लिपीतल्या 'ए'चा पर्याय दिला की ती कोणत्या आवृत्तीसाठी बांधली आहे ते छापून येते.