अंकलिपी आणि शालापूर्व वयातील गृहवाचन : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी घरातील मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक बहुधा अंकलिपी हेच असते. आठवडी बाजारात, यात्रेत, बसस्थानकाबाहेरच्या दुकानात ते अल्प किमतीत मिळते. ज्या घरात दुसरे एकही पुस्तक नसते, त्या घरातही ते आढळते. मराठी समीक्षेने कथा, कादंबरी व कवितेची सूक्ष्म चिकित्सा केली. मात्र सर्वाधिक हातांतून गेलेल्या या पुस्तकाकडे एक संहिता म्हणून फारसे लक्ष दिले नाही. शाळेत जाण्यापूर्वी मुलाला घरी वाचन शिकविताना अंकलिपी कितपत उपयोगी ठरते, तिच्या मर्यादा कोणत्या, आणि बुलढाणा जिल्ह्यातील घरांजवळ तिला पूरक असे कोणते भाषिक धन आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अंकलिपीची रचना व तिच्या मर्यादा

अंकलिपीचा कणा म्हणजे वर्णमाला. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य असा उच्चारस्थानांनुसार लावलेला हा क्रम भारतीय व्याकरणपरंपरेची मोठी देणगी आहे. परंतु हा क्रम वर्गीकरणाचा आहे, शिकण्याचा नव्हे. ज्याला अक्षरे येतात त्याला त्यातील शास्त्र कळते; चार वर्षांच्या मुलाला मात्र ‘घ’ नंतर लगेच ‘ङ’ भेटतो, आणि त्या वर्णाने सुरू होणारा एकही शब्द त्याच्या घरात बोलला जात नाही. ग, म, भ, न अशी आकारसाम्यावर आधारलेली मांडणी हाताला सोयीची आहे हे जुन्या शिक्षकांनी ओळखले होते. घरातील अंकलिपी मात्र क-ख-ग या वाटेनेच जाते.

दुसरी मर्यादा चित्र व अक्षर यांच्या नात्यात आहे. ‘अ अननसाचा’ या पद्धतीमागील तत्त्व असे की, चित्रातील वस्तूच्या नावाचा आरंभीचा ध्वनी ऐकून मुलाने अक्षर ओळखावे. हे तत्त्व ‘ण’ आणि ‘ळ’ येथे मोडते. मराठी शब्द या वर्णांनी सुरू होत नसल्यामुळे ‘बाण’, ‘बाळ’ असे शब्द द्यावे लागतात. बाणाचे चित्र पाहून मूल ‘ब’ म्हणाले, तर ते नियमाप्रमाणेच वागलेले असते. तरीही पुस्तक त्याला चुकीचे ठरविते. शिवाय अननस हे फळ या जिल्ह्याच्या शेतात पिकत नाही. कापूस, तूर, ज्वारी व सोयाबीन पाहत वाढणाऱ्या मुलाला त्याच्या पहिल्याच पानावर अनोळखी वस्तू भेटते.

तिसरी मर्यादा बाराखडीची आहे. प्रत्येक व्यंजनाची बारा रूपे धरली तर चारशेहून अधिक अक्षरे होतात, जोडाक्षरे वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड लिपीसंबंधी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले की, अक्षरांचा हा मोठा संच आत्मसात होण्यास प्राथमिक शाळेतील कित्येक वर्षे लागतात. कन्नड व मराठी यांच्या लेखनपद्धतीचे तत्त्व समान असल्यामुळे हा निष्कर्ष मराठीसाठीही विचारात घ्यावा असा आहे. बाराखडी सुरात म्हणणारे मूल मधलेच ‘की’ किंवा ‘मो’ बोट ठेवून विचारल्यास अडखळते, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. ते म्हणते ते पाठांतर असते, वाचन नव्हे. येथे एक लिपीविषयक बाबही नोंदविणे आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने वर्णमालेत ‘ॲ’ व ‘ऑ’ या स्वरांना स्थान मिळाले. त्याआधीच्या साच्यावर छापलेल्या अंकलिपीत ‘बॅट’ आणि ‘ऑटो’ या मुलाच्या रोजच्या शब्दांना जागा नसते.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात, आणि बोलीही बदलते. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात ‘डोळा’ हा ‘डोया’ होतो, ‘काळा’ हा ‘काया’, ‘जवळ’ हे ‘जवय’. ‘पाणी’ हे ‘पानी’ म्हणून उच्चारले जाते. अंकलिपीतील जे दोन वर्ण रचनेच्या दृष्टीने दुबळे, नेमके तेच दोन वर्ण या मुलाच्या बोलीत नसतात. अशा वेळी मुलापुढे दोन कामे एकदम येतात : नवे चिन्ह ओळखणे आणि नवा ध्वनी ऐकू येणे. मोठी माणसे यातील दुसरे काम पाहत नाहीत आणि ‘डोया’ वाचणाऱ्या मुलाला वाचता येत नाही असे ठरवितात. वस्तुतः त्याने शब्द ओळखलेला असतो, अर्थही लावलेला असतो. तो फक्त आपल्या घरच्या उच्चारात बोललेला असतो. वाचनातील चूक आणि बोलीतील भेद यांत फरक न करणे हा भाषेचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून अधिक तो न्यायाचा प्रश्न आहे. कारण आपले बोलणे अशुद्ध आहे, हा मुलाला पुस्तकाकडून मिळालेला पहिला धडा ठरतो.

घाई व प्रतीक्षा : दोन टोकांची भूमिका

गृहवाचनाविषयी दोन परस्परविरोधी भूमिका आढळतात. पहिली घाईची. ग्लेन डोमन यांच्या १९६४ मधील पुस्तकाने तान्ह्या मुलालाही शब्दपट्ट्या दाखवून वाचन शिकविता येते, असा विश्वास जगभरच्या पालकांत पसरविला. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात, अशा प्रकारच्या दृक्श्राव्य साधनांनी नऊ ते अठरा महिन्यांची बालके वाचावयास शिकत नाहीत, असे दिसून आले. तरीही लवकर वाचणारे मूल म्हणजे हुशार मूल, ही समजूत टिकून आहे.

दुसरी भूमिका प्रतीक्षेची. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या नूतन बालशिक्षण संघाने मुलाला भय व सक्ती यांतून सोडविले. ताराबाई व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे केलेले काम महाराष्ट्राला परिचित आहे. अंगणवाडीची कल्पना याच कामातून पुढे आली. मात्र या चळवळीचा वारसा सांगताना पुढे ‘सहा वर्षांपूर्वी अक्षर नको’ असे सूत्र रूढ झाले. ते मूळ विचाराला धरून नाही. माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत बालगृह उघडले, तेव्हा मुलांना लिहा-वाचावयास शिकवावे अशी मागणी तेथील मातांनीच केली होती. त्यातूनच बोटाने गिरवावयाची खरकागदाची अक्षरे लहान मुलांच्या हाती आली. विरोध अक्षराला नव्हता. अर्थशून्य घोकंपट्टीला होता.

हा भेद बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात महत्त्वाचा ठरतो. सुशिक्षित घरातील मुलाला अक्षर उशिरा दाखविले तरी त्याच्याभोवती वर्तमानपत्र, पुस्तके व वाचणारी माणसे असतात. शेतमजुराच्या मुलाजवळ अनेकदा एक अंकलिपीच असते. ती काढून घेण्याचा उपदेश करणारे, बदल्यात काय देतात, हा प्रश्न विचारला पाहिजे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा वर्षांपासून लागू होतो, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

घरातील भाषिक धन

यादगीर व पालघर जिल्ह्यातील वाडा या भागांत पहिली ते तिसरीच्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करणाऱ्या संशोधनात असे आढळले की, अध्यापनाचा भर वर्णांवर राहतो, अर्थाकडे दुर्लक्ष होते आणि तरीही अनेक मुलांना साधे शब्द वाचता येत नाहीत. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानेही मौखिक भाषा, शब्द उलगडणे, वाचन व लेखन यांना एकत्र चालविण्याचा आग्रह धरला आहे. यांपैकी मौखिक भाषेची बाजू निरक्षर आईही समर्थपणे सांभाळू शकते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांत यमक आहे, पुनरुक्ती आहे. शेवटी खाऊ ओळखण्याच्या खेळात प्रश्न, सूचन व तर्क आहे. शब्दांतील समान ध्वनी ऐकू येणे ही वाचनाची पूर्वतयारी होय, आणि ती या गाण्यांतून सहज घडते. जात्यावरच्या ओव्या, कोडी व आजीच्या गोष्टी यांचेही मोल असेच आहे.

चिन्हांचीही घरी उणीव नसते. मुलाचे स्वतःचे नाव हा त्याचा सर्वांत अर्थपूर्ण शब्द असतो. एस.टी.वरील ‘चिखली’, ‘मेहकर’, ‘खामगाव’, ‘मोताळा’ या पाट्या, किराणा दुकानाचा फलक, बिस्किटाच्या पुड्यावरील नाव ही सारी अर्थासह येणारी अक्षरे आहेत. ‘मोताळा’ या पाटीवरील ‘ळ’ हा अंकलिपीतील ‘ळ’ पेक्षा लवकर लक्षात राहणे शक्य आहे, कारण त्या पाटीची गाडी मामाच्या गावाला जाते. चित्रपुस्तकांच्या बाबतीत २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार लाभलेल्या माधुरी पुरंदरे यांचे लेखन मार्गदर्शक ठरावे. त्यांची चित्रे पाहून मुलाने आपल्या बोलीत गोष्ट सांगावी आणि मोठ्यांनी ती ऐकावी, एवढे केले तरी वाचनाला आरंभ झाला असे म्हणता येईल.

निष्कर्ष

अंकलिपी टाकाऊ नाही. ती अपुरी आहे. तिच्या मागे पालकांची आस्था आहे आणि त्या आस्थेचा उपहास करण्याचा अधिकार शिक्षणशास्त्राला नाही. तिचा क्रम मोडून, मुलाच्या नावापासून व ओळखीच्या पाट्यांपासून आरंभ करून, बाराखडी पूर्ण करण्याची घाई न करता ती वापरली तर ती आजही उपयोगी पडेल. बोलीतील उच्चाराला चूक न ठरविणे ही त्यासाठीची पहिली अट होय. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी व शिक्षणशास्त्र विभागांनी भुलाबाईची गाणी व वऱ्हाडी कोडी यांचे संकलन करून, कापूस, तूर व एस.टी. यांना पहिल्या पानावर आणणारी अंकलिपी सिद्ध केली, तर ते संशोधनाचे व लोकशिक्षणाचेही कार्य ठरेल. आपल्या घरात बोलला जाणारा शब्द पुस्तकात उमटलेला पाहणे हा कोणत्याही मुलाचा वाचनातील पहिला आनंद असतो. तो आनंद घाटाखालच्या मुलाच्या वाट्यालाही यावा, एवढीच अपेक्षा या चिकित्सेमागे आहे.