शरण जाणं म्हणजे संमती नव्हे

‘ओरडलात का नाही?’ हा प्रश्न जुना आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरेवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. कारण? अंगावर जखमा नाहीत.

१९७९ मध्ये वसुधा धागमवार, लतिका सरकार, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्याचं बळ एका भेदात आहे: संमतीत शरण जाणं असेल, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही. पत्रामुळे आणि रस्त्यावर उतरलेल्या बायांमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात ती ‘संमती नव्हती’ म्हणाली, की न्यायालयाने तसं गृहीत धरायचं.

तरी एक मर्यादा सांगतोच. पत्र मथुरेबद्दल बोलतं, मथुरेशी नाही. पीडितेच्या वकिलाचं काम तर तिच्याशी बोलण्यापासून सुरू होतं. खटला सरकारी वकील चालवतात, आपण मदतीला. मुरूडहून एसटीने अलिबागच्या कोर्टात आलेल्या बाईला तारीख पुढे का गेली, हे आपणच सांगायचं. उलटतपासणीत चारित्र्याचा प्रश्न आला, की सरकारी वकिलांना लगेच खुणावायचं. तो भेद तिथे, त्या क्षणी उपयोगी पडला पाहिजे. कारण बघा, पत्र गाजलं, कायदा बदलला. मथुरेचा निकाल मात्र तोच राहिला.