जाड वाटणं आणि जड वाटणं

खाण्याच्या विकारांवर संशोधन करायचं ठरवलं असेल, तर ईडीई-क्यू ही प्रश्नावली तुम्हाला टाळता येणार नाही. फेअरबर्न आणि बेग्लिन यांनी ती १९९४ मध्ये मांडली. २८ प्रश्न, तेही मागच्या २८ दिवसांबद्दल. रुग्ण किती बरा झाला हे सांगायला जगभर हीच वापरतात, आणि एकूण ती चांगली आहे. माझी तक्रार आहे ती एका प्रश्नाबद्दल. या दिवसांत किती दिवस तुम्हाला आपण जाड असल्यासारखं वाटलं? एकही दिवस नाही तर ०, रोज वाटलं तर ६.

आता हा फॉर्म कोण भरतंय ते बघा. समजा, अ‍ॅनोरेक्झियातून बाहेर पडणारी एक मुलगी आहे आणि तीन आठवड्यांपासून ती वेळेवर जेवतेय. उपाशी राहून तिच्या जठराचा वेग मंदावलाय, त्यामुळे दोन पोळ्या आणि वाटीभर वरण दुपारभर पोटात बसून राहतं. पोट फुगतं, गॅस होतात, बद्धकोष्ठ असतंच. पिष्टमय पदार्थ पुन्हा सुरू झाले की इन्सुलिन वाढतं, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि मिठासोबत पाणी. घोटे आणि चेहरा सुजतो. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्या चालू असतील आणि त्या एकदम थांबल्या, तर ही सूज आणखी वाढते. परत येणारं वजनही बऱ्याचदा आधी पोटाभोवती दिसतं, मग हळूहळू सगळीकडे पसरतं.

ती ६ वर खूण करते. हे आजाराचं लक्षण म्हणायचं की बरं होण्याचं? फॉर्ममध्ये हे सांगायला जागाच नाही. शरीराच्या आकाराबद्दलच्या आठ प्रश्नांच्या सरासरीत तो ६ जातो, आणि तुमच्या तक्त्यात ती 'अजून आजारी' ठरते.

गंमत म्हणजे फेअरबर्न यांनीच २००८ च्या आपल्या उपचारपुस्तकात लिहिलंय की 'जाड वाटणं' हे पुष्कळदा दुसऱ्याच भावनांना किंवा शारीरिक जाणिवांना लावलेलं चुकीचं लेबल असतं. उपचाराच्या खोलीत हे लेबल सोडवायचं आणि मोजताना तेच लेबल आकड्यात धरायचं, याची संगती मला लागत नाही. समोरासमोर मुलाखतीत खोदून विचारता तरी येतं. कागद उलटा प्रश्न विचारत नाही.

या अस्वस्थतेत शरीराचा वाटा किती, हे पाहायचं असेल तर अँसेल कीज यांचा मिनेसोटातला प्रयोग वाचा. १९४४-४५ मध्ये युद्धात लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण २४ आठवडे अर्धपोटी राहिले आणि मग १२ आठवडे त्यांना ठरवून खाऊ घातलं गेलं. (कॅलरींचे आकडे मुद्दाम देत नाही. वाचणाऱ्यांत बरं होत असलेलं कुणीतरी असतंच.) १९५० चा दोन खंडांतला तो ग्रंथ सगळे उद्धृत करतात, पण बहुतेकांची मजल उपासमारीपर्यंतच जाते. खरं तर पुढचा भाग जास्त कामाचा आहे. पोट गच्च भरूनही भूक न भागणं, पायांची सूज, स्नायूंच्या आधी चरबी परत येणं, हे सगळं त्यांनाही झालं. आणि यातल्या कुणाला वजनाची भीती नव्हती! त्यांच्यासाठी सूज म्हणजे फक्त सूज होती. मर्यादा उघड आहेत: सगळे पुरुष, सगळे आधी धडधाकट, उलट्या-जुलाबांचा इतिहास नाही. तरी 'हे सगळं तिच्या मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला एवढं पुरतं.

आता मराठीकडे येऊ, कारण तुमच्यापैकी काहीजण ही प्रश्नावली मराठीत आणणार आहेत. आपल्याकडे 'जाड वाटतंय' आणि 'जड वाटतंय' यांत एका कान्याचा फरक आहे. जेवण झाल्यावर 'जड झालं' असं घरातला प्रत्येकजण म्हणतो. प्रश्न तोंडी वाचून दाखवला, तर उत्तर नक्की कशाचं मिळालं, हे तुम्ही सांगू शकाल? भाषांतर उलट करून ताडून पाहिलं तरी ही गफलत सापडणार नाही. शब्द बरोबरच असेल, गोंधळ ऐकणाऱ्याच्या पोटात असेल.

हा शब्दांचा कीस नाही. आपल्या घरात पोट फुगलं की औषध ठरलेलं असतं: ओवा चाव, हिंग लाव, आणि 'आज एक वेळ लंघन कर, पोटाला आराम दे'. ओव्याला माझी हरकत नाही. पण बरं होणाऱ्या माणसाला लंघन सांगणं म्हणजे आजाराच्या हातात परत किल्ली देणं. जठराचा वेग सहसा नियमित खाण्यानेच सुधारतो. त्यामुळे करायचं ते एवढंच: थोडं थोडं पण वेळेवर खाणं, सैल कपडे, पोटावर गरम पाण्याची पिशवी, जेवल्यावर आरसा आणि वजनकाटा टाळणं. पचनाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. मात्र धाप लागली, छातीत धडधड झाली, गोंधळल्यासारखं झालं किंवा सूज भराभर वाढली, तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं. खूप उपासानंतर खाणं सुरू होताना रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं, आणि त्याने जीवही जाऊ शकतो.

तुमच्या अभ्यासात मूळ प्रश्नाला हात लावू नका, नाहीतर इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येणार नाही. त्याच्या शेजारी स्वतःचे दोन-तीन साधे प्रश्न ठेवा: पोट जड वाटलं का, कुठे सूज होती का, शेवटचं जेवून किती वेळ झाला. आणि फॉर्म कधी भरून घेतला ती वेळ लिहून ठेवा. सकाळी उपाशीपोटी भरलेला आणि दुपारच्या जेवणानंतर भरलेला फॉर्म एकाच ढिगात टाकू नका.